माडीच्या कड्या: साग की ऐन, हे नंतर बघू

प्रश्न: देवरुखजवळ चिऱ्याचं नवं घर बांधतोय. वरची माडी स्लॅबची न करता लाकडी कडीपाटाची, म्हणजे कड्यांवर फळ्या टाकून करायची आहे. खोली बारा बाय पंधरा फूट. सासरे म्हणतात, सागाशिवाय दुसरं लाकूड घरात आणायचं नाही. सुतार म्हणतो, परड्यातली ऐनाची दोन झाडं तोडा, चार बाय पाच इंची दणकट कड्या काढून देतो. फॅब्रिकेटर लोखंडी चॅनेल सुचवतोय. कोणाचं ऐकू?

उत्तर: सासऱ्यांनी लाकूड सांगितलं, सुताराने माप सांगितलं, आणि घोटाळा मापात आहे.

कड्या बारा फुटी बाजूने पडणार, हे उघड आहे. दोन कड्यांत दीड फूट अंतर धरू. माणसं, खाट, कपाट मिळून राहत्या खोलीचा भार दर चौरस मीटरला 200 किलो धरतात. फळ्या आणि कड्यांचं वजन वर 50 किलो धरा. सागाचा हिशोब मांडला तर चार बाय पाचची कडी पूर्ण भाराखाली मधोमध जवळजवळ पाच सूत वाकते (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तीन बाय सातची वाकते अडीच सूत. आणि लाकूड? एकीत वीस चौरस इंच, दुसरीत एकवीस! रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. म्हणून कडी नेहमी उभट घ्यायची आणि उभीच बसवायची.

चार बाय पाच मोडणार नाही हो, ताकदीला ती पुरून उरेल. पण वर नातवाने उडी मारली की खाली फडताळातल्या कपबशा वाजतील. मजला मोडत नाही, नाचतो, आणि नाचणाऱ्या मजल्यावर माणूस कायम बिचकत चालतो. खालून जिप्समचं छत करणार असाल तर वाक गाळ्याच्या, म्हणजे दोन भिंतींमधल्या अंतराच्या, 360 व्या भागाच्या आत हवा, बारा फुटांना साधारण तीन सूत. तीन बाय सहाची कडी पावणेचार सूत जाते. नुसत्या फळ्या दिसणार असतील तर खपेल, जिप्समला तडे जातील.

तेव्हा तीन बाय सात. भिंतीत दोन्हीकडे सहा-सहा इंच धरून तेरा फुटी अकरा कड्या, म्हणजे एकवीस घनफूट. वखारीत हाच आकडा सांगा.

आता ऐन. जड लाकूड, ताकदीला सागाला हार जाणारं नाही. माझे वडील सुतार, मी पुढे ओव्हरसियर झालो आणि 1991 साली शहाणपणा करून आमच्याच माडीला ऐन लावला. झाड दिवाळीत तोडलं, शिमग्याला कड्या चढवल्या. वडील म्हणाले, "अजून घाम येतोय त्याला." मी ऐकलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोन कड्या पिळल्या, टोकांना चिरा गेल्या आणि फळ्यांच्या फटीतून वरचा केर खालच्या ताटात पडायला लागला. ऐन वाळायला फार हट्टी. कापून, थरांमध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचून निदान वर्षभर ठेवायची तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जा. वाळला की नाही ते किराणा दुकानाच्या काट्यावर कळतं: कडीच्या मधल्या भागातून एक चकती कापा, वजन करा, मग ती पूर्ण वाळवून पुन्हा करा. 230 ग्रॅमची 200 वर आली तर ओल 15 टक्के. त्याहून जास्त असेल तर थांबा. आणि परड्यातलं असलं तरी ऐन तुमच्या मर्जीने तोडता येत नाही. 1964 च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत साग, किंजळ, फणस यांच्याबरोबर तोही आहे; आधी परवानगी काढा.

साग घेतलात तर गाभ्याचा घ्या. कडेचा पांढरा भाग सागाच्या भावाने विकत घेऊन भुंग्याला चारण्यात अर्थ नाही.

चॅनेल वाईट नाही. चार इंची चॅनेल ताठपणात तीन बाय सात सागाच्या तोलाचं पडतं. पण त्यावर फळ्या बसवायला पट्ट्या लागतात आणि दमट हवेत रंगाची निगा लागते. तुम्हाला कडीपाट हवाय ना? मग चॅनेलचा नाद सोडा.

कडी मधे क्वचितच सडते, सडते ती भिंतीतल्या टोकाला. टेकण किमान तीन इंच हवंच. टोकाभोवती इंचभर मोकळी जागा ठेवा, गवंड्याला सिमेंटने भोक बुजवू देऊ नका. टोकाला डांबर फासायचं तर लाकूड वाळलेलं असेल तरच फासा, नाहीतर ओल आत कोंडते. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड येते. तुमची बारा फुटी बाजू पूर्व-पश्चिम असेल तर त्या भिंतीला बाहेरून पडवीचं छप्पर द्या. कड्यांच्या मधोमध आडवे ठोकळे ठोकून घ्या, म्हणजे पिळायला वाव राहत नाही.

आणि वायरमन आला की स्वतः उभे राहा. रत्नागिरीत एका घरी वायरमनने पाइप दिसू नये म्हणून पटाशीने प्रत्येक कडीला खालून दोन इंचाची खाच मारली होती. सातची कडी तिथे पाचची झाली, म्हणजे तेवढ्या जागी ताकद निम्मी. पाइप न्यायचाच तर कडीच्या उंचीच्या मध्यावर लहान गोल भोक पाडून न्यावा.

माडीवर न्हाणीघर काढणार असाल तर तेवढ्या भागाला स्लॅबच घाला.

प्रश्न: पुण्यात एक जुना वाडा पाडताहेत. तिथल्या सागाच्या कड्या घ्याव्यात का?

उत्तर: जरूर. इतकी वर्षं वाळलेला साग आता पिळत नाही. टोकाला पेचकस टोचून बघा. लोण्यासारखा शिरला तर ते टोक गेलं. हातोडीने ठोकत पुढे या, पोकळ आवाज येईल तिथे खूण करा. जुन्या सांध्यांची खाच गाळ्याच्या मधोमध येत असेल तर ती कडी सोडा. खिळे सगळे उपटून घ्या, नाहीतर सॉ मिलवाला करवतीला लाकूड लावूच देणार नाही. लांबी मात्र सावध मोजा. चौदा फुटी कडीची सडकी टोकं फूट-फूट कापली की बारा उरतात, भिंतीत घालायला काहीच राहत नाही. बारा फुटी खोलीला पंधरा फुटी मागा.