रंग काढला की फोटो कृष्णधवल होतो?

पावसाळा सरला की माझ्याकडे सह्याद्रीचे फोटो यायला लागतात आणि त्यांच्यामागून ठरलेले प्रश्न. यंदा एकदाच उत्तरं देऊन टाकतो.

मोबाइलवर कृष्णधवल फोटोंसाठी कोणतं ॲप घ्यावं?

ज्यात प्रत्येक रंगाचा उजेड वेगवेगळा कमी-जास्त करता येतो, ते कुठलंही.

हरिश्चंद्रगडावरून कोकणकडा टिपला. रंगीत फोटो झकास आलाय, पण कृष्णधवल केल्यावर गवत, आकाश सगळं एकाच राखाडीत बुडालं. कॅमेरा बदलू का?

कॅमेऱ्याला हात लावू नका. तुम्ही सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, शून्यावर नेलंत आणि फोटो कृष्णधवल झाला असं समजलात. दहातली आठ पत्रं याच चुकीची असतात. हिरवं गवत आणि निळं आकाश डोळ्याला वेगळं दिसतं ते रंगामुळे. उजेड दोन्हींचा जवळपास सारखा असेल, तर रंग गेल्यावर फरकही जाणारच.

फिल्मच्या काळात यासाठी भिंगावर रंगीत काच चढवायचे. अमेरिकन छायाचित्रकार अँसल ॲडम्सने 1927 साली तिथल्या योसेमिटीतला हाफ डोम हा कडा टिपताना आधी पिवळा फिल्टर लावला. आकाश फिकं येणार हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा उरलेल्या शेवटच्या प्लेटसाठी (फिल्मऐवजी वापरायची काच) त्याने गडद लाल फिल्टर चढवला. आकाश जवळजवळ काळं उतरलं आणि कडा उठून दिसला. त्याच्याकडे एकच प्लेट होती. तुम्ही घरी बसून ॲपमधले रंगांचे स्लायडर शंभरदा हलवू शकता, तरी हलवत नाही!

त्या लाल काचेचं काम आता निळ्याचा स्लायडर करतो; तो हळूहळू खाली आणा. गवतासाठी हिरव्याच्या मागे लागू नका; गवताचा बराचसा रंग पिवळ्यात असतो, तो वर न्या. सुकलं असेल तर नारिंगी. खुद्द कड्याचा काळा पाषाण मात्र यातल्या कशानेच फारसा हलणार नाही, कारण त्याला मुळात रंगच जेमतेम. तिथे ब्रश घेऊन उजेड-सावली हाताने उचलावी लागते. मग फोटो शंभर टक्के मोठा करून कड्याची धार बघा. धारेवर पांढरा दोरा दिसला किंवा आकाशात रव्यासारखे दाणे पडले, तर निळा फार ओढला गेलाय. जेपेगमध्ये हे लवकर होतं, कारण तिथे प्रत्येक रंगाच्या जेमतेम 256 पायऱ्या असतात; म्हणून रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, टिपा. एवढं करूनही जमलं नाही, तर मूळ रॉ फाइल घेऊन जाणत्या प्रिंटरसमोर बसा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर मी मत देत नाही.

क्षितिज किंचित कललंय. सरळ करू का?

समुद्र असेल तर अर्धा अंशसुद्धा सोडू नका. डोंगर असेल तर उतारावर विसंबू नका, घरांच्या भिंती बघा.

क्षितिज मधोमध आलं तर परीक्षक फोटो बाद करतात, असं क्लबात ऐकलं. क्रॉप करून फोटोच्या एक तृतीयांश उंचीवर आणू?

कोणते परीक्षक? कधी? हे ऐकीव शास्त्र मी तीस वर्षं ऐकतोय. तळ्यात डोंगराचं प्रतिबिंब असेल, तर क्षितिज मधोमधच शोभतं. तुम्ही त्यापेक्षा फोटोच्या चारही बाजूंच्या कडा तपासा. रंगीत फोटोत कोपऱ्यातला पांढरा ढग खपून जातो. कृष्णधवलमध्ये नजर सरळ तिथेच जाते. फोटो उलटा करून बघा, नको ते लगेच दिसेल. आणि क्रॉप कॉपीवर करा, मूळ फाइलवर नाही.

499 रुपयांत 300 कृष्णधवल प्रीसेट (एका टिचकीत लागणारी तयार एडिटं) मिळतायत. घ्यावेत का?

नको. दुसऱ्याच्या आकाशासाठी शिवलेला सदरा तुमच्या डोंगराला बसत नाही. विकणाऱ्याच्या नमुन्यात 'आधी'चा फोटो मुद्दाम मळकट ठेवलेला असतो, तेवढं नीट बघा.

24 मेगापिक्सेलचा फोटो क्रॉप करून लांबी-रुंदी निम्मी केली. 30 इंची प्रिंट होईल ना? प्रदर्शन परवा आहे.

परवा आहे आणि आज विचारताय! 6000 बाय 4000 चे 3000 बाय 2000 उरले, म्हणजे 6 मेगापिक्सेल. 30 इंचांवर इंचाला फक्त 100 पिक्सेल येतील. लांबून चालेल, जवळ गेलं की गवताची पाती विरघळलेली दिसतील. जवळून बघायच्या प्रिंटला साधारण 300 लागतात, त्या हिशेबाने तुमची मजल 10 इंचांची. क्रॉप थोडा सैल करता येतो का ते बघा. लॅबवाल्याला आजच फोन करा आणि कृष्णधवल कोणत्या कागदावर छापणार ते विचारा. रंगीत कागदावर राखाडीत हिरवट किंवा गुलाबी झाक येऊ शकते. आकाश आणि कड्याचा अंधार दोन्ही येतील अशी वीतभर पट्टी आधी छापून घ्या आणि दिवसाउजेडी खिडकीशी धरून बघा. स्क्रीनचा उजेड पूर्ण चढवून एडिट केलं असेल, तर प्रिंट काळपट येईल. तसं झालं तर फाइल उजळा, लॅबवाल्याशी भांडू नका.