लहान मुलांबरोबर घरच्या घरी आगमनकाळ कसा पाळावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, तुम्ही दोघंही नोकरीला, रोज एक चॉकलेट काढायची ऑनलाइन मिळणारी कॅलेंडरं महाग. तर सोलापुरात राहून आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे वाट बघण्याचे चार आठवडे, कसा पाळायचा? मीही इथलीच. संडे स्कूलमध्ये लहानांना शिकवते, आणि माझी दोन्ही मुलं पुढे सांगते त्याच पद्धतीत वाढली. माझं सांगणं एवढंच आहे, की रोज थोडंसं काहीतरी घडू द्या, पण पुरं काहीच होऊ देऊ नका. 1 डिसेंबरलाच चांदणी, झाड, गव्हाण, फराळ सगळं उरकून टाकलं तर मुलांनी वाट बघायची कशाची?

सुरुवात पणत्यांनी करा. आगमनकाळाचे रविवार चार, आणि त्यातला पहिला म्हणजे 30 नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार. 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला आहे. मेणबत्त्यांचं चक्र लावायची पद्धत योहान हिनरिक विखर्न यांच्यापासून सुरू झाली, असं मानतात. हॅम्बुर्गजवळ ते गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवायचे, आणि नाताळ कधी येणार म्हणून मुलं त्यांच्या मागे लागायची. 1839 मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या बसवल्या. रोज एक पेटवायची, म्हणजे किती दिवस उरले ते मुलांना आपलं आपण मोजता यायचं. हिरव्या फांद्या त्या चाकावर नंतर आल्या, तेव्हा इथे पाइन मिळत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

एका परातीत वाळू पसरा, दिवाळीच्या उरलेल्या चार पणत्या त्यात रोवा, भोवती अशोकाची पानं ठेवा. वाळूत पणती कलंडत नाही, आणि तेल सांडलंच तर वाळू ते पिऊन टाकते. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असं वाढवत न्या. आशा, शांती, आनंद, प्रेम हा क्रम बऱ्याच मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, चालतो. तिसऱ्या, आनंदाच्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लावायची रीत आहे. आम्ही त्या दिवशी परातीत गुलाबाच्या पाकळ्या टाकतो. दिवे आणि टीव्ही बंद करा. मोठीने पेटवायचं आणि धाकट्याने फुंकायचं हे आधीच ठरवून टाका, आणि पणत्या चालू असेपर्यंत एका मोठ्या माणसाने तिथून हलायचं नाही.

रोजच्यासाठी मात्र माझा सगळा भर वाचनावर आहे. बायबलातल्या लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय 24, म्हणून रोज एक अध्याय वाचा असं पुष्कळ जण सुचवतात. मोठ्यांना ते छान, पण चार वर्षांचं मूल तेवढा वेळ बसणार नाही. त्याऐवजी नुसता पहिला अध्याय घ्या. त्यात 80 वचनं आहेत. रोज तीन-चार वाचली की 1 तारखेला सुरू केलेला अध्याय 23 ला संपतो, आणि 24 च्या रात्री दुसऱ्या अध्यायातली पहिली 20 वचनं, म्हणजे नावनिशी, बेथलेहेम, गव्हाण आणि मेंढपाळ.

या अध्यायात जो तो वाट बघतोय. जखऱ्या याजक आणि त्याची बायको अलीशिबा म्हातारे झाले तरी घरात मूल नाही. जखऱ्या मंदिरात आत गेलाय आणि लोक बाहेर ताटकळले आहेत. अलीशिबा पाच महिने घराबाहेर पडत नाही, आणि येशूची आई होणारी मरीया येऊन तिच्याजवळ तीन महिने राहते. तुला मुलगा होईल या देवदूताच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून जखऱ्या मुका होतो, तो आपल्या हिशेबाने साधारण 6 तारखेला, आणि मुलगा झाल्यावर पाटीवर त्याचं नाव लिहिलं की त्याची जीभ मोकळी होते, ती 18-19 च्या सुमारास. आमच्याकडे या मधल्या दिवसांत मुलांचे बाबा रात्रीच्या जेवणाची पहिली पाच मिनिटं एक शब्द बोलत नाहीत. भाकरी, चटणी सगळं खुणांनी मागायचं. मग एका रात्री ते पाटी घेतात, तिच्यावर ‘ह्याचे नाव योहान आहे’ असं लिहितात आणि बोलायला लागतात. तुमची मुलगी ती पाटी मोठ्याने वाचू शकेल. मुलं त्या रात्रीची किती आतुरतेने वाट बघतात ते तुम्ही बघालच. धाकटा रोज ‘आजच का नाही?’ विचारेल. त्याला हुरड्याचं सांगा: कणीस आधीच खुडलं तर दाण्यात नुसतं पाणी. आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला हे लगेच कळतं.

गव्हाण रिकामी ठेवा. बुटांचा खोका चालेल. कुणासाठी काही चांगलं केलं की मुलाने कडब्याची एक काडी त्यात टाकायची, बाळ येशूसाठी अंथरूण म्हणून. कडबा नसेल तर वाळलेलं गवत घ्या. काडी कशासाठी टाकली ते विचारू नका, आणि रागाच्या भरात काडी काढून तर कधीच घेऊ नका. प्रेमाने केलेल्या कामाचा हिशेब मांडला की मुलं दाखवण्यासाठी करायला लागतात. बाळाची मूर्ती 24 च्या रात्रीपर्यंत कपाटात.

फराळ तिसऱ्या रविवारनंतर करा आणि पहिली ताटं मुलांच्या हाती शेजारी पाठवा. दिवाळीला आणि ईदला त्यांच्याकडून आपल्याकडे येतंच. घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरणारी कॅरल पार्टी रात्री कितीही उशिरा येवो, मुलांना उठवा.

मागी लोकांच्या, म्हणजे बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या, मूर्ती असतील तर त्या पहिल्या दिवशी घराच्या पार दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवा. रोज मुलांनी त्या थोड्या पुढे सरकवायच्या. नाताळला त्या पोचत नाहीत, त्यांचा दिवस 6 जानेवारी. त्यामुळे 25 तारीख उलटली तरी मुलांना रोज करायला काहीतरी राहतं, आणि सजावट काढेपर्यंत गड्ड्याची जत्रा जवळ आलेली असते.