मुलीला रिपोर्टर, प्राध्यापक, लेखक सगळंच व्हायचंय, कोणता कोर्स लावू?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजात एक ज्येष्ठ पत्रकार बाई बोलायला आल्या होत्या, त्यांनी बरीच वर्षं रिपोर्टिंग केलं, मग शिकवलं, पुस्तकं लिहिली, काही काळ परदेशात काम केलं, आणि त्या दिवसापासून पोरगी म्हणते मला असंच करायचंय. वडील विचारतात, "मॅडम, हे सगळं एका माणसाला जमते का? आणि कोणता कोर्स केला की हे सगळं होते? की आधी एमपीएससीच देऊ द्यावी?"

नमस्कार भाऊ,

जमतं. पण असा एक कोर्स कुठंच मिळत नाही, आणि कोणी तसं सांगून फी मागत असेल तर तिथून सरळ घरी या.

तुम्ही चार कामं मोजलीत, पण खरं म्हणजे बाकीची तीन रिपोर्टिंगच्याच पोटातून निघतात. पी. साईनाथ यांचं बघा ना, आपल्या विदर्भात त्यांना कोण ओळखत नाही. 1980 मध्ये यूएनआय या वृत्तसंस्थेतून सुरुवात, 1993 मध्ये एक फेलोशिप, म्हणजे कामासाठी मिळणारी आर्थिक मदत, घेऊन देशातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत फिरले, त्या बातम्यांचंच 1996 मध्ये पुस्तक झालं, मुंबईत वर्षानुवर्षं पत्रकारितेची मुलं शिकवली, 2007 ला मॅगसेसे मिळाला, 2012 मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकवायला गेले, आणि 2014 मध्ये पारी ही खेड्यापाड्यांच्या बातम्या देणारी वेबसाइट सुरू केली. सगळ्याच्या मुळाशी काय, तर गावोगाव पायपीट. सगळेच साईनाथ होत नाहीत हे मलाही कळतं, पण क्रम बघा, क्रम महत्त्वाचा.

म्हणून पहिली चार-पाच वर्षं एकाच बीटवर, म्हणजे बातमीदारीच्या एकाच ठरलेल्या विषयावर, घट्ट बसायचं. आणि त्यासाठी नागपूर काही वाईट जागा नाही हो, उलट मुंबईत नवीन पोराला जे वर्षानुवर्षं मिळत नाही ते इथं लवकर मिळतं. हायकोर्टाचं खंडपीठ इथं, डिसेंबरात अख्खं सरकार अधिवेशनाला इथं येतं, 1911 पासूनचा हितवाद हा इंग्रजी पेपर इथला, आणि तासा-दोन तासावर कापूस, कोळसा, वाघ सगळं. 2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्या काळात बाहेरच्या पत्रकारांच्या टीम इकडे यायच्या, तर त्यांना इंग्रजी बोलणारे ढिगानं मिळत होते हो, पण सातबारा वाचता येणारा, बँकेची नोटीस समजणारा, आणि यवतमाळकडच्या माणसाशी त्याच्याच बोलीत बोलून मग तेच नीट इंग्रजीत लिहून देणारा माणूस कमीच. तुम्ही ज्याला परदेशातलं काम म्हणता ना, ते बरेचदा असं घरच्या अंगणातून सुरू होतं.

फेलोशिपचंही तेच. ऑक्सफर्डची रॉयटर्स इन्स्टिट्यूट असो की हार्वर्डची नीमन, दोघांनाही किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. ब्रिटनच्या चेवनिंग स्कॉलरशिपला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव पुरतो, मात्र शिक्षण झालं की परत येऊन दोन वर्षं भारतात राहावं लागतं. म्हणजे आज एजंटकडं जाऊन परदेशाचं काही विचारू नका.

आता शिकवण्याबद्दल जरा लांब सांगते, कारण इथं माझ्याकडूनच एक चूक झालेली आहे. एका हुशार मुलीला मी थेट नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, आणि पीएचडीच्या मागं लावलं होतं, आधी पर्मनंट नोकरी म्हणून. ती तासिका तत्त्वावर लागली, आणि पहिल्याच वर्षी पोरांनी विचारलं, मॅडम पोलीस स्टेशनला गेल्यावर एफआयआरची कॉपी कशी मागायची, तर तिला सांगता येईना. रडत आली होती माझ्याकडं. तेव्हापासून मी म्हणते कागद तयार ठेवा पण आधी काम करा. असिस्टंट प्रोफेसर व्हायला मास्टर्सला 55 टक्के आणि नेट किंवा सेट (तीच परीक्षा, पण राज्याची) लागते, म्हणून मास्टर्स आत्ताच करून टाकायचं, नोकरी लागल्यावर ते राहूनच जातं. आपल्या नागपूर विद्यापीठात जनसंवाद विभाग आहे. अमरावतीला आयआयएमसी या केंद्र सरकारच्या पत्रकारिता संस्थेचा एक वर्षाचा मराठी पत्रकारितेचा पीजी डिप्लोमाही आहे, न्यूजरूममध्ये शिरायला चांगला, पण डिप्लोमा म्हणजे मास्टर्स डिग्री नाही, आणि हा फरक खूप जणांना उशिरा कळतो. आता यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2022 पासून प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस म्हणूनही वाट काढलीय, 15 वर्षांचा अनुभव असेल तर पीएचडीशिवाय शिकवता येतं, पण ते ठराविक मुदतीसाठीच असतं, त्यावर घर चालवायचा हिशोब नका करू.

पुस्तकाचं मी काही सांगत नाही, फक्त तिला म्हणा की छापून आलेली बातमी फेकून दिली तरी चालेल, नोंदवही फेकायची नाही.

पैशाचं लपवत नाही. सुरुवातीचा पगार ऐकून तुमचं तोंड उतरेल, शेजारच्या आयटीवाल्या पोराशी तुलना केली तर अजूनच. रात्रीच्या ड्युटीचा प्रश्न तुम्ही पत्रात लिहिला नाही पण मनात असणार, तर हो, डेस्कवर रात्र होते, आणि मुलाखतीतच घरी सोडायच्या गाडीचं विचारून घ्यावं, त्यात लाज कसली.

एमपीएससीचा फॉर्म भरायला माझी ना नाही, पण दोन्हीचा अभ्यास एकाच वेळी करते म्हणाली तर विश्वास ठेवू नका, मीपण तिच्या वयात असंच म्हणायचे.

तिला एवढं करायला सांगा: या महिन्यात मानेवाड्यातलाच एक विषय घ्यायचा, पाण्याचा टँकर घ्या नाहीतर महापालिकेची शाळा, पाच माणसांशी बोलायचं, त्यातला एक अधिकारी हवा, आणि 400 शब्द मराठीत, तेच इंग्रजीत. अधिकाऱ्यानं तीनदा परत पाठवलं तरी चौथ्यांदा गेली, तर दोन्ही कागद घेऊन तिला माझ्याकडं पाठवा, तुम्ही नाही आलात तरी चालेल.