यवतमाळकडच्या खेड्यात ८० हजारांत होम थिएटर करायचं आहे. प्रोजेक्टर, पडदा आणि साऊंड कोणता घ्यावा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की खोली १२ बाय १६ फुटांची, वर स्लॅब, आधी कापूस भरायची कोठी होती, आता रिकामी पडली आहे. दुकानदारानं हिशेब करून दिला तो असा: ‘९००० ल्युमेन, फोर-के सपोर्ट’वाला प्रोजेक्टर ५० हजार, मोटरवर वर-खाली होणारा पडदा १५ हजार, आणि उरलेल्या १५ हजारांत ‘बसेल तसा साऊंड’. मी दारव्ह्याच्या बाजूला मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो. चार वर्षांपूर्वी असल्याच एका कोठीत मी हाच हिशेब केला होता, म्हणून सांगतो: तो कागद फाडा. ३५ हजार आवाजाला, ३० हजार प्रोजेक्टरला, पडदा तीन-चार हजारांत घरीच, आणि बाकीचे विजेच्या लाईनला आणि खोलीला.

आवाज आधी का, ते मला आईनं शिकवलं. पहिल्या वेळी मी लग्नात वाजवणाऱ्या एका मित्राचे दोन जुने टॉप स्पीकर आणि पंधरा इंची बेस आणून लावले होते. भिंत हादरायची. आई दहा मिनिटं बसली आणि म्हणाली, “चित्र तं दिसते रे, पन थो बोलून काय राहिला थेच समजून नाही राहिलं.” उठून गेली. चित्र थोडं फिकं असलं तरी माणूस पिक्चर पाहतो. बोललेलं समजलं नाही तर उठतो. झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, नाटक पाहिलं असेल तर हे वेगळं सांगायला नको. तिथं मांडवाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्याला नटाचा चेहरा कुठला दिसायला, पण वाक्य ऐकू येतं, म्हणून तो पहाटेपर्यंत हलत नाही.

काहीही विकत घ्यायच्या आधी रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागं ‘टर्रर्र’ असा झणकारा आला तर तिथं लाखाचे स्पीकर लावूनही बोलणं कालवलेलंच ऐकू येणार. गिलावा केलेल्या भिंती, खाली टाईल्स, वर स्लॅब, म्हणजे आवाजाला मुरायला जागाच नाही. गंमत अशी की कोठी कापसानं भरलेली होती तेव्हा ती आवाजासाठी सगळ्यात चांगली होती. तोच कापूस थोडा परत आणायचा. पिंजाऱ्याकडून तीन-चार इंच जाडीच्या, ४ बाय २ फुटांच्या सहा गाद्या भरून घ्या, लाकडी चौकटीत बसवा, वर जाडंभरडं कापड ताणा. दोन मागच्या भिंतीला, दोन-दोन बाजूच्या भिंतींना, बसल्यावर कान येतो त्या उंचीवर. भिंतीपासून दोन बोटं सुटं ठेवलं तर आणखी चांगलं. खाली सतरंजी. मग परत टाळी वाजवा, फरक कुणी सांगावा लागणार नाही. फक्त कापूस आहे, पेट घेतो, तेव्हा बोर्ड, वायरचे जोड आणि अगरबत्ती यांच्यापासून लांब.

दुसरं काम अंधाराचं. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. जिथं काळं हवं तिथं तो नुसता प्रकाश टाकत नाही, मग तिथं पडद्याचा जो रंग तोच तुमचा काळा. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंती आणि छत पडद्यावरचाच उजेड परत पडद्यावर फेकतात आणि रात्रीचा सीन राखाडी करतात. पडद्याच्या भोवतीची भिंत आणि समोरचं तीन-चार फूट छत गडद, बिनचकाकीच्या रंगानं मारून घ्या. ऑइल पेंट नको, चकाकतो. खिडकीला आतून प्लायवूड. हजार-दीड हजाराचं काम आहे, पण चित्रात जो फरक पडतो तो पुढची दहा हजारांची वस्तू घेऊन पडत नाही.

आता ते ९००० ल्युमेन. ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप. तुम्हाला पीएमपीओ आठवतो का? बाजारातल्या टेपरेकॉर्डरच्या डब्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ लिहिलेलं असायचं आणि आत दहा वॅटचं मशीन. ल्युमेनचं आज तेच चाललंय. डब्यावर ‘अँसी ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ २१११८’ प्रमाणे मोजलेला आकडा असेल तोच धरायचा, नुसतं ‘ल्युमेन’ म्हणजे काहीच नाही. ९००० लिहिलेल्यात खरे दोनशे-तीनशे निघालेले मी पाहिलेत. आणि लागतात किती? सिनेमागृहात पडद्याच्या दर चौरस फुटाला साधारण १४ ते १६ ल्युमेन पडावेत असं गणित असतं. १०० इंची पडदा म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच, जवळपास ३० चौरस फूट. म्हणजे पूर्ण अंधारात खरे ४८० ल्युमेन पुरतात. रंग नीट दिसतात त्या मोडमध्ये उजेड कमी होतो, म्हणून कागदावर ६००-७०० अँसी असलेला घ्या. १२० इंचाचा हट्ट धरलात तर हेच क्षेत्रफळ ४३ चौरस फुटांवर जातं आणि तोच प्रोजेक्टर मलूल वाटायला लागतो. तुमची भिंत १२ फूट आहे, दोन्ही बाजूंना स्पीकरही ठेवायचेत. १०० इंचांवर थांबा.

‘फोर-के सपोर्ट’चा अर्थ एवढाच की फोर-केची फाईल तो घेतो आणि लहान करून दाखवतो. विचारायचं ते ‘नेटिव्ह रिझोल्युशन’, म्हणजे प्रोजेक्टरचे स्वतःचे खरे ठिपके किती. ते १९२० बाय १०८०, म्हणजे १०८०पी हवं. १२८० बाय ७२० असेल तर दुकानातून चहा पिऊन निघा. या बजेटात खरा फोर-के येत नाही आणि दहा-अकरा फुटांवरून १०८०पी मध्ये काही अडतही नाही. नेटसुद्धा पाहा: नेटफ्लिक्स १०८०पी साठी ५ एमबीपीएस मागतं, फोर-के साठी १५. खेड्यात रात्री नऊला ५ टिकले तरी पुष्कळ.

आपल्या भागात रिझोल्युशनइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न असा की आतली काच, पॅनल (ज्यावर चित्र तयार होतं तो भाग), लेन्स हे सगळं धूळबंद आहे का? माझा पहिला प्रोजेक्टर उघड्या पोटाचा होता, पंखा बाहेरची हवा थेट पॅनलवर ओढायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत एक तंतू आत जाऊन पॅनलवर बसला आणि पडद्यावर हिरोच्या गालावर वीतभर बोंडअळी. कोणताही पिक्चर लावा, अळी तिथंच! खोलून साफ केला तर आठ दिवसांत दुसरी. तेव्हा धूळबंद, ‘सील्ड ऑप्टिकल इंजिन’वालाच घ्या, आणि ज्याला फिल्टर आहे त्याचा फिल्टर तुरीच्या मळणीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी झटका.

प्रोजेक्टर कुठं टांगायचा हे थ्रो रेशो सांगतो. पडद्याची रुंदी गुणिले तो आकडा म्हणजे अंतर. रेशो १.४ असेल तर सव्वासात गुणिले १.४, म्हणजे साधारण १० फूट. छताला भोक पाडायच्या आधी स्टुलावर ठेवून, चालू करून पाहा. कीस्टोनच्या, म्हणजे तिरकं चित्र सरळ करणाऱ्या सोयीच्या, भरवशावर तिरका लावू नका. चौकोन सरळ दिसतो, पण त्यासाठी पॅनलचा काही भाग वाया जातो आणि अक्षरं भुरकट होतात.

पडद्याबद्दल थोडक्यात. मोटरवाला पडदा तुमच्या खोलीत कशाला, तो काय रोज गुंडाळायचा आहे? सागाची नाहीतर ॲल्युमिनियमची चौकट करा, त्यावर सुरकुती न पडता पांढरं मॅट पडद्याचं कापड ताणून स्टेपल करा, मागं काळं कापड, भोवती चार बोटांची काळी पट्टी. एवढंही नको असेल तर भिंतीला पुट्टी करून, घासून, पांढरा मॅट रंग. मी पहिलं वर्ष भिंतीवरच काढलं. चमकदार फ्लेक्स बॅनर मात्र वापरू नका, मधोमध दिवा लागल्यासारखा डाग दिसतो.

आता आवाज. दुकानदार ५.१ च्या सहा डब्यांचा सेट गळ्यात मारेल. मी म्हणतो ३.१ करा: समोर डावा, उजवा, मधला आणि एक सबवूफर, म्हणजे नुसत्या बेसचा डबा. पिक्चरमधलं बहुतेक बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. थिएटरमध्ये तर पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि हा स्पीकर त्याच्या मागं असतो. म्हणून मधला स्पीकर सगळ्यात हलका, ही सेटमधली काटकसर नेमकी उलटी आहे. तो डाव्या-उजव्याच्याच जातीचा हवा. पडद्याखाली ठेवून, तोंड थोडं वर, बसणाऱ्याच्या कानाकडे. डावा-उजवा एकमेकांपासून नऊ फूट आणि तुम्ही त्यांच्यापासून दहा फूट, असा जवळपास समभुज त्रिकोण जमतो. मागचे दोन स्पीकर पुढच्या वर्षी, तुरीच्या पैशात. त्यांच्या वायरी मात्र आत्ताच पाईपातून ओढून ठेवा. उघड्या सोडल्या तर उंदीर एका पावसाळ्यात संपवतात.

या सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर म्हणजे रिसीव्हर. तो नवा घेतला तर ३५ हजारांत बसणार नाही. नागपूरला सीताबर्डीत किंवा ओळखीत कुणाकडे चांगल्या कंपनीचा वापरलेला मिळतो, आठ-दहा वर्षं जुना असला तरी चालतो. घेताना सगळे चॅनल वाजवून पाहा, एचडीएमआयची प्रत्येक खाच तपासा, तासभर चालवून वरचं झाकण चटका देतं का ते बघा. वॅट पाहायचे ते आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट. तुमच्या खोलीला चॅनलला ५० पुष्कळ. नेटवरचे पिक्चर दाखवणारी स्टिक रिसीव्हरला लावायची आणि तिथून एक एचडीएमआय प्रोजेक्टरला. ही वायर भिंत-छत धरून दहा मीटर होते, चांगली घ्या. ब्लूटूथनं जोडू नका, ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो.

सबवूफरचा आकडा (क्रॉसओव्हर) ८० हर्ट्झवर ठेवा, त्याखालचं सगळं त्याच्याकडे. जागा शोधायची युक्ती अशी: सब तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेस असलेलं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेनं रांगत फिरा. जिथं बेस घुमत नाही, गोळीबंद ऐकू येतो, ती सबची जागा. मी रांगत होतो तेव्हा आई दारातून म्हणाली, “काय हरपलं रे?”

लाईन हे माझ्या धंद्यातलं, म्हणून जरा लांबण लावतो. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर येतं ते एक दुखणं. पण डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात ४०० च्या आसपासही चढू शकतं, ते खरं मरण. माझ्याकडे जळालेल्या मोटारी येतात त्यांतल्या कितीतरी यानंच गेलेल्या. म्हणून स्टॅबिलायझर घ्या तो हाय-लो कट-ऑफवाला. अर्थिंग नवी करा: खड्डा, कोळसा, मीठ, पाईप, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी. मग मीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज पाहा, दोन-तीनच्या वर नको. स्पीकरमध्ये सतत ‘भूंऽऽ’ येत असेल तर स्पीकरला शिव्या देण्याआधी हे तपासा. इन्व्हर्टर साईन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर ॲम्प्लिफायर गुणगुणतो. आणि वीज कडाडायला लागली की प्लगच नाही, डिशची आणि नेटची वायरही ओढून ठेवा.

राहिला आपला उन्हाळा. प्रोजेक्टरच्या पुस्तकात चालवायचं तापमान ३५ किंवा फार तर ४० अंशांपर्यंत दिलेलं असतं. मे महिन्यात बाहेर ४५ असताना दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आठलाही आग ओकतो, आणि आपण प्रोजेक्टर टांगतो नेमका त्याला चिकटून! माझा बरोबर इंटरव्हलला बंद पडायचा. छतापासून दीड-दोन फूट खाली टांगा, त्याच्या गरम हवेच्या बाजूला एक एक्झॉस्ट काढा, आणि एप्रिल-मेमध्ये पिक्चर जेवणं आटोपून, दहानंतर. कूलरचा झोत त्याच्यावर नको. बोअरच्या पाण्याचे क्षार तुषारांबरोबर येऊन लेन्सवर पांढरी भुकटी बसते. कूलर खिडकीबाहेर ठेवून (तेवढं प्लायवूड रात्री काढून) मंद चालवा, नाहीतर त्याच्या घरघरीत परत आईचीच तक्रार.

मुलांना दुपारची मॅचही त्यावरच पाहायची आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यासाठी ओसरीत ४३ इंची टीव्ही लावा. दार उघडं, माणसं येऊन-जाऊन, अशा उजेडात या किमतीचा कोणताच प्रोजेक्टर चेंडू दाखवत नाही.