कुत्र्याला कुशिंग आहे का, हे नुसत्या लघवीच्या तपासणीवरून कळतं का?

कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन प्रमाणाबाहेर वाढण्याचा आजार) नाही, एवढं बऱ्यापैकी खात्रीनं कळतं. आहेच, असं नुसत्या लघवीवरून सांगता येत नाही. तुमच्या 10 वर्षांच्या पॉमेरेनियनचं पाणी पिणं वाढलंय, पोट सुटलंय, दोन्ही कुशींवरचे केस गेलेत, म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी लघवी मागवली ते योग्यच केलं.

आमच्या डॅशहाउंडचीही सुरुवात इथूनच झाली होती. मूत्रपिंडांजवळच्या अॅड्रिनल ग्रंथींनी कॉर्टिसॉल जास्त तयार केलं की ते लघवीत उतरतं. लघवी कधी पातळ असते, कधी दाट, म्हणून क्रिएटिनिनसोबत (स्नायूंतून येऊन लघवीत जाणारा टाकाऊ पदार्थ) त्याचं गुणोत्तर काढतात. ते नॉर्मल आलं तर कुशिंगची शक्यता फार कमी उरते. वाढलेलं आलं तर लगेच औषध सुरू करायची घाई नको. मधुमेहात वाढतं, इन्फेक्शनमध्ये वाढतं, नुसत्या भीतीनंही वाढतं.

म्हणून नमुना दवाखान्यात नाही, घरीच धरा. सकाळची पहिली लघवी, दोन-तीन दिवस. लांब दांड्याची जुनी पळी स्वच्छ धुऊन, कोरडी करून पुढं करायची. मादी असेल तर पसरट ताटली बरी. (ते भांडं परत स्वयंपाकघरात गेलं तर घरातलं वातावरण तापेल, सांगून ठेवतो.) डबी फ्रीजमध्ये ठेवा, नेताना बर्फात न्या. आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. माणसांच्या लॅबमध्ये दिली, तर रिपोर्टवर छापलेली नॉर्मल रेंज माणसांची असते, ती कुत्र्याला लावू नका.

खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. त्यांनीही हीच लक्षणं येतात आणि गुणोत्तर उलट कमी दिसू शकतं. पण गोळ्या मनानं एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं.

गुणोत्तर वाढलेलं आलं तर पुढं डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची टेस्ट असते. आधी रक्त, मग त्याचं इंजेक्शन, मग 4 आणि 8 तासांनी पुन्हा रक्त. अख्खा दिवस जातो. बहुतेक कुत्र्यांमध्ये मूळ दोष मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत निघतो, थोड्यांमध्ये अॅड्रिनलवरच गाठ असते, त्यासाठी सोनोग्राफी. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण कॉर्टिसॉल तपासतात का हे फोनवर विचारूनच निघा.

तोवर रोजचं पाणी मोजून लिहून ठेवा. किलोमागे 100 मिलीच्या वर, म्हणजे 5 किलोच्या कुत्र्याला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त, जात असेल तर तो आकडा डॉक्टरांना दाखवा.