जुन्या ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला की तो एका बाजूला ओढतो. रॉडचा नट किती फेरे आवळावा?

फेरे विचारूच नका. फेरे मोजून ब्रेक लावणाऱ्या माणसासोबत मी अर्धं आयुष्य काढलंय. माझा थोरला भाऊ.

आमचाही असाच उजवीकडे ओढायचा. दादाचं निदान ठरलेलं: डावा ढिला पडलाय, आवळ. दर आठवड्याला डाव्या रॉडला 2 फेरे. मी म्हणायचो, अरे, परवा लावलेला ब्रेक इतक्यात झिजतो कसा? "तू पायडलावर पाय ठेवून चालवतोस ना, म्हणून." झालं, बोलणं संपलं. शेवटी रॉडचे आटे संपले, तरी ट्रॅक्टर उजवीकडेच. एकदा उतारावर, मागे भरलेली ट्रॉली, मी ब्रेक दाबला आणि तोंड थेट चारीत. कुणाला लागलं नाही. खापर अर्थातच माझ्यावर.

मग त्याला न विचारता डावा ड्रम उघडला. ड्रमला आतून घासणाऱ्या शूवर काजळात तेल कालवल्यासारखा काळा चिकटा. बोट ओढलं तर रेघ उमटली. ॲक्सलचं तेल अडवणारं सील गेलेलं, आतलं तेल सरळ लायनरवर, म्हणजे शूच्या अस्तरावर. तिथं 2 काय, 20 फेरे आवळा. दादानं लायनर पेट्रोलनं धुऊन उन्हात वाळवले. दिसायला कोरडे ठणठणीत! चार खेपांत तापले आणि मुरलेलं तेल परत वर आलं. सील आणि दोन्हीकडचे लायनर बदलले, तेव्हा कुठं गडी सरळ थांबायला लागला.

तेव्हा ओढतो त्याच्या विरुद्ध बाजूचा ड्रम आधी बघा. कोरडा असेल तरच पाना उचला. गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना दगड, मागचं एकेक चाक उचलून ॲक्सलखाली ठोकळा. नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाक हातानं फिरवत नट आवळा, घासायला लागलं की मोकळं फिरेपर्यंत परत सोडा, मग तो नट हलू नये म्हणून मागचा चेकनट कसा. डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकचं एकेक पायडल असतं, त्या दोन्ही पायडलांचा प्ले, म्हणजे ब्रेक धरण्याआधीची मोकळी चाल, सारखा हवा. किती, ते मॉडेलगणिक वेगळं, मॅन्युअलमध्ये असतं. मग दोन्ही पायडलं कडीनं जोडून मोकळ्या सपाट मातीवर हळू वेगात ब्रेक मारा आणि उतरून मागच्या चाकांच्या खुणा बघा. एक लांब, एक आखूड दिसली तर जास्त धरणारी, म्हणजे लांब खुणेची बाजू किंचित सोडा. ढिली आवळत बसू नका. हेच मी दादाला दहा वर्षं सांगतोय.

हो, हे सगळं कोरड्या ड्रम ब्रेकचं. तुमचे तेलातले असतील तर यातलं सीलपुराण लागू नाही. आणि ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा.

पायडलावर पाय ठेवायची सवय मला होती, ते खरं. त्यानं लायनर झिजतात, तेही खरं. पण झिजले असते तर दोन्हीकडचे झिजले असते ना? आणि सील काय मी पायानं फोडलं?