इंग्लंडहून यॉटने सँ-मालोला जायचंय. कोणत्या मरिनात थांबावं?

तुम्ही विचारलंय की मित्राच्या ३४ फुटी यॉटवरून ऑगस्टमध्ये साउथहॅम्प्टनहून गर्न्सी बेटामार्गे फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या सँ-मालोला जायचं आहे, कील (तळाखालचा पाण्यातला भाग) १.८ मीटर खोल आहे आणि भारतातून आलेले आई-बाबाही सोबत असतील, तर बा-साब्लाँ मरिना घ्यावी की व्होबाँ. मी पोर्ट्समथला राहतो आणि तिथल्या मित्रांबरोबर क्रू म्हणून या किनाऱ्यावर जात आलोय. माझं थेट उत्तर व्होबाँ आहे. पण मरिना ठरवण्याआधी तारीख ठरवा आणि ती भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवूनच ठरवा.

मुंबईत उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी पाच मीटरच्या आसपास जातं आणि आपल्याला ते खूप वाटतं. सँ-मालोत सरासरी उधाणाची भरती १२ मीटरच्या वर चढते आणि ओहोटी दीड मीटरपर्यंत उतरते. सहा तासांत साडेदहा मीटर पाणी निघून जातं. सकाळी जिथून यॉट आणली तिथे दुपारी काळे खडक आणि शेवाळ दिसतं. म्हणून इथल्या दोन्ही मरिनांना पाणी अडवून धरावं लागतं, फक्त प्रत्येकीची पद्धत वेगळी आहे.

बा-साब्लाँ ही सँ-सर्व्हाँ भागातली मोठी मरिना, हजारापेक्षा जास्त जागांची. तिच्या तोंडाशी पाण्याखाली काँक्रीटचा उंबरठा आहे. त्याला सगळे सिल म्हणतात. नकाशातल्या शून्य पातळीपेक्षा (साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीची पातळी) तो दोन मीटर उंच आहे, म्हणून ओहोटीला पाणी आतच अडून राहतं. हिशेब सोपा आहे: उंबरठ्याचे दोन मीटर, तुमच्या कीलचे १.८ आणि लाटांसाठी राखून ठेवलेला अर्धा मीटर. म्हणजे कोष्टकात पाण्याची उंची ४.३ मीटरच्या वर असेल तेव्हाच आत जायचं. उधाणाच्या दिवसांत ओहोटीच्या आधी-नंतरचे काही तास हे दार बंदच समजा. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत मात्र ओहोटीलाही पाणी चार मीटरच्या आसपास राहतं, त्यामुळे थांबावं लागलं तरी थोडाच वेळ. बांधाच्या टोकाशी मोठ्या उजळ आकड्यांची पाटी आहे. उंबरठ्यावर त्या घडीला किती पाणी आहे ते ती दाखवते. पाटी आणि कोष्टक जुळलं नाही तर पाटीवर विश्वास ठेवा, कारण हवेचा दाब आणि वारा कोष्टकात नसतात.

व्होबाँची गोष्ट निराळी. हे बेसिन जुन्या गावाच्या तटबंदीला अगदी खेटून आहे आणि त्यात शिरायला नाय लॉक (पाणी वर-खाली करणारा दोन दारांमधला हौद) पार करावा लागतो. लॉक भरतीच्या आधी साधारण अडीच तास सुरू होतो आणि भरतीनंतर दीडेक तासाने बंद. रोजच्या वेळा बंदर प्रशासन जाहीर करतं, त्या आदल्या दिवशी नक्की बघा. जवळ आलात की व्हीएचएफ या जहाजी रेडिओच्या चॅनेल १२ वर बोला. व्यापारी जहाज असेल तर ते आधी आत घेतलं जातं, तेव्हा शेजारच्या फेरी धक्क्यापासून लांब राहून थांबायचं. सिग्नलचे तीन दिवे हिरवे झाल्याशिवाय हलू नका. लॉकची भिंत तुमच्या डोक्याच्या बरीच वर असते. वरून कर्मचारी एक बारीक दोरी खाली सोडतात, तिला आपला जाड दोर बांधायचा, ते तो ओढून घेतात आणि खुंटाला अडकवतात. पुढे एक आणि मागे एक, किमान १५ मीटरचे दोर तयार ठेवा. दोन्ही बाजूंना फेंडर (धक्के झेलणारे फुगे) लावा, कारण कोणत्या भिंतीला पाठवतील ते तिथे गेल्यावरच कळतं. पाणी वर चढताना दोर सतत आवळत राहायचा. ही कामं दोघांनी सांभाळावीत आणि आई-बाबांनी कॉकपिटमध्ये बसावं.

आता व्होबाँच का, तर आई-बाबांमुळे. बा-साब्लाँच्या आत उंबरठ्यामुळे थोडं पाणी टिकत असलं तरी उधाणाला तिथली पातळीही नऊ-दहा मीटर वर-खाली होते. पाँटून, म्हणजे तरंगते धक्के, पाण्याबरोबर खाली जातात आणि किनाऱ्यावर चढायचा रॅम्प ओहोटीला इतका उभा होतो की गुडघे दुखणाऱ्या माणसाला कठड्याला धरून चढावं लागतं. पावसात तर नकोच. व्होबाँमध्ये पाणी कायम जवळजवळ एकाच पातळीवर असतं. सकाळी पाच मिनिटांत पोर्त सँ-व्हाँसाँ या वेशीतून गावात पोहोचता येतं, ब्रेड घेऊन नाश्त्याला परत. एक अडचण सांगून ठेवतो: ऑगस्टमध्ये पाहुण्या यॉट एकमेकींना खेटून बांधतात, त्यामुळे कधी कधी शेजारच्या डेकवरून पलीकडे जावं लागतं. चॅनेल ९ वर मरिनाशी बोलताना वयस्कर माणसं सोबत आहेत हे सांगा आणि पाँटूनलगतची जागा मागा. एका रात्रीचाच मुक्काम असेल तर मात्र बा-साब्लाँ बरी, लॉकची कसरत वाचते.

आई-बाबांबद्दल एक मोकळं मत देतो, राग मानू नका. त्यांना इंग्लिश चॅनेल ओलांडताना यॉटवर घेऊ नका. गर्न्सीच्या वाटेवरचा ऑल्डर्नी रेस हा युरोपातल्या सगळ्यात जोरदार भरतीप्रवाहांपैकी एक आहे. वारा प्रवाहाच्या उलट असेल तर तिथे सवयीचे लोकही गप्प बसतात. पोर्ट्समथहून सँ-मालोला रात्रीची मोठी फेरी जाते. केबिनमध्ये झोपून ते सकाळी नायच्या धक्क्यावर उतरतील, तिथून दोन्ही मरिना चालत जाण्यासारख्या आहेत. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागेलच, शिवाय त्यांचा ब्रिटनचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा हवा, हे तिकीट काढण्याआधी तपासा. यॉटवरच्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाही तेच लागू आहे आणि पासपोर्ट तपासणीची वेळ बंदराला आधी कळवावी लागते. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, तेव्हा तूप आणि श्रीखंड घरीच ठेवा. लोणीप्रेमी ब्रिटनीत त्याची उणीव भासणार नाही.

तारखेचं गणित आता मांडतो, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं. गर्न्सीच्या व्हिक्टोरिया मरिनालाही उंबरठा आहे, ४.२ मीटरचा. तिथून साधारण भरतीनंतर दोन-अडीच तासांपर्यंतच बाहेर पडता येतं. सँ-मालो पन्नासेक सागरी मैल, सहा नॉटच्या वेगाने साडेआठ तास. भरतीनंतर दोन तासांनी निघालात तर पुढच्या भरतीच्या दोनेक तास आधी, म्हणजे लॉक नुकता सुरू झालेला असताना पोहोचता. हा मेळ फार सुंदर बसतो. प्रश्न फक्त उजेडाचा उरतो. ठरावीक बंदरात उधाणाची भरती नेहमी ठरावीक वेळेलाच येते. मुंबईत ती अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दुपारी बारा-एकला असते हे कोकणातला कोणीही कोळी सांगेल. इथे ती सकाळी आणि संध्याकाळी येते. म्हणून उधाणाच्या आगेमागे सकाळी दहाच्या सुमारास निघून सूर्यास्ताआधी पोहोचता येतं. भांगाला हेच गणित तुम्हाला रात्रीच्या अंधारात खडकांत आणून सोडेल. फ्रेंच कोष्टकात प्रत्येक भरतीला कोएफिशियंट नावाचा आकडा असतो, २० ते १२० मधला. पहिल्या वेळी ७५ ते ९० मधला दिवस निवडा, शंभराच्या वर नको, प्रवाह फार ओढतात. फ्रान्सचं घड्याळ गर्न्सीच्या एक तास पुढे असतं, कोष्टक वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

वाटेत मिंकीज नावाचं खडकांचं अफाट पठार आहे, भरतीला बहुतेक बुडालेलं. १९५३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते ब्रिटनच्या पदरात टाकलं. त्याला पश्चिमेकडून भरपूर लांबून वळसा घाला. पुढे ग्राँ जार्दँ दीपस्तंभ दिसला की बॉय (तरंगत्या खुणा) मोजत जा, नकाशा सोडू नका. शेवटच्या टप्प्यात बा-साब्लाँ आणि मागचा ला बालू हे दोन दिवे एका रेषेत ठेवायचे.

गावात दोन दिवस सहज जातात. ऑगस्ट १९४४ मध्ये तटबंदीच्या आतलं सुमारे ८० टक्के गाव उद्ध्वस्त झालं होतं, ते त्याच दगडी धाटणीत पुन्हा उभं केलं. तट मात्र मूळचे टिकले आहेत आणि त्यावरून पूर्ण फेरी मारता येते. आपल्याशी या गावाचा संबंध कडवट आहे. १७४६ मध्ये मद्रास जिंकणारा ला बूर्दोने इथला आणि १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात केंट हे ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज पकडणारा सुर्कूफही इथलाच. त्याचा पुतळा तटाजवळ आहे. ग्राँ बे बेटावर ओहोटीला चालत जाता येतं, पण पाणी चढायला लागलं की वाट झपाट्याने बुडते, आई-बाबांना घेऊन लवकर परता. त्यांना राँस नदीवरचं १९६६ चं भरतीवर चालणारं वीजकेंद्र बसने दाखवा: २४ टर्बाइन, २४० मेगावॉट. बाबा इंजिनिअर असतील तर अर्धा दिवस तिथेच जाईल. यॉटने त्या धरणाजवळ जायचं तर प्रतिबंधित भाग बॉयांनी आखलेला आहे, दिनारच्या बाजूच्या लॉकनेच आत शिरा.

परतीलाही तोच मेळ लागतो. भरतीनंतर तासाभरात लॉकमधून बाहेर पडलात तर गर्न्सीला पुढच्या भरतीच्या तीनेक तास आधी पोहोचाल, तिथे बाहेरच्या पाँटूनवर थोडं थांबून उंबरठ्यावर पाणी आलं की आत. लॉकची वेळ आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा, कारण सकाळी सगळ्याच यॉट एकदम निघतात आणि पहिल्या खेपेत जागा मिळेलच असं नाही.